स्वभाव आणि राजकीय मत : पाऊणशे वर्षांच्या शोधाचा आढावा

एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेली, एकाच शाळेत शिकलेली, घरात येणारे एकच वर्तमानपत्र वाचत वाढलेली दोन भावंडे मोठेपणी राजकारणात परस्परविरुद्ध बाजूंना जाऊन उभी राहतात, हे आपल्याला नवीन नाही. कारण विचारले की घरातली मंडळी सहसा म्हणतात, ‘तो लहानपणापासूनच तसा.’ या साध्या उत्तरात फार मोठा दावा दडलेला आहे. राजकीय मत वाचनातून, अनुभवातून, जात आणि वर्ग यांच्या हितसंबंधांतून घडते, असे आपण गृहीत धरतो. ते मुळात जन्मजात स्वभावातून येत असेल, तर वादविवाद, प्रबोधन, प्रचार यांना कितीसा अर्थ उरतो?

मानसशास्त्रज्ञ, राज्यशास्त्रज्ञ आणि अलीकडे जनुकशास्त्रज्ञ या दाव्याची तपासणी पाऊणशे वर्षे करत आहेत. या काळात काही भक्कम निष्कर्ष हाती आले, तर काही गाजलेले निष्कर्ष फेरतपासणीत गळून पडले. तो सगळा पुरावा एकत्र पाहिला की एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. स्वभावाचा प्रभाव खरा आहे; पण तो लहान आहे, आणि त्याला कोणत्या झेंड्याखाली न्यायचे हे समाज आणि काळ ठरवतात.

स्वभाव जन्मजात असतो का?

निदान काही अंशी असतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६मध्ये न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीला मिळणारा प्रतिसाद, चंचलता अशा नऊ बाबतींत बाळाबाळांत फरक असतो, हे त्यांनी नोंदवले. पुढे हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले आणि हलती खेळणी दाखवली. त्यांतली सुमारे एक पंचमांश बाळे हातपाय झाडत रडू लागली. अशी बाळे पुढे बुजरी, सावध होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. पण त्यांतली कितीतरी तशी झाली नाहीत, हेही केगन यांनी आवर्जून सांगितले. म्हणजे जन्माबरोबर एक कल येतो आणि आयुष्य त्यावर काम करत राहते. या कलापासून राजकीय मतापर्यंत वाट जाते का, हा पुढचा प्रश्न.

सुरुवात आणि तिच्यातली खोट

या शोधाचा पहिला मोठा ग्रंथ १९५०मध्ये आला. थिओडोर अडोर्नो, एल्स फ्रेंकेल-ब्रन्सविक, डॅनियल लेव्हिन्सन आणि नेव्हिट सॅनफर्ड यांचा ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’. हिटलरच्या छावण्यांचे सत्य नुकतेच जगापुढे आले होते. साधी, कुटुंबवत्सल माणसे हुकूमशहाच्या मागे का जातात, हा लेखकांचा कळीचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर फ्रॉइडच्या विचारातून आले होते : कठोर, शिक्षाप्रधान संगोपनातून वरच्यांपुढे वाकणारे आणि दुबळ्यांवर चाल करणारे व्यक्तिमत्त्व घडते. ते मोजण्यासाठी त्यांनी ‘एफ-मापनी’ ही प्रश्नावली तयार केली.

चारच वर्षांत या कामावर कडक टीका झाली. प्रश्नावलीतली सगळी विधाने एकाच दिशेची होती. त्यामुळे समोर येईल त्याला ‘हो’ म्हणण्याची सवय असलेला माणूस आपोआप हुकूमशाही वृत्तीचा ठरत असे. समाजशास्त्रज्ञ एडवर्ड शिल्स यांनी दुसरी उणीव दाखवली. डाव्या गोटातली हुकूमशाही वृत्ती लेखकांना दिसलीच नव्हती. याच काळात हान्स आयसेंक यांनी मांडले की राजकीय मत एका रेषेवर बसत नाही, त्याला निदान दोन अक्ष लागतात. पुढे १९८१मध्ये कॅनडाच्या बॉब आल्टेमायर यांनी दोन्ही दिशांची विधाने घेऊन नवी मापनी रचली आणि या अभ्यासाचा पाया थोडा सुधारला.

या इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अडोर्नो मंडळींच्या आधी, १९३८मध्ये, एरिक येन्श या नाझी मानसशास्त्रज्ञाने जवळपास हीच विभागणी उलट्या मूल्यांनी मांडली होती. ठाम, एकसुरी, शंका न घेणारा माणूस त्याच्या लेखी निरोगी होता. संदिग्धता सहन करणारा, उदारमतवादी माणूस विकृत. म्हणजे स्वभावाचे वर्णन मिळतेजुळते, निवाडा मात्र संशोधकाच्या राजकारणाचा. या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा धोका डोळ्यांपुढे ठेवावा.

पाच गुण आणि एक छोटा आकडा

आज व्यक्तिमत्त्व मोजताना बहुतेक संशोधक पाच गुण पाहतात : नव्या अनुभवांची ओढ, शिस्त व कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि चिंताशीलता. यांतल्या पहिल्या दोहोंचा राजकीय मतांशी संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. नव्याची ओढ असलेली माणसे उदारमतवादाकडे, शिस्तप्रिय माणसे परंपरावादाकडे थोडी झुकतात. २००३मध्ये जॉन जोस्ट आणि सहकाऱ्यांनी १२ देशांतल्या ८८ नमुन्यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की परंपरावादाच्या मुळाशी अनिश्चितता आणि धोका यांपासून सुटका मिळवण्याची मानसिक गरज असते.

पण हा संबंध केवढा? ख्रिस सिब्ली, डॅनी ऑस्बोर्न आणि जॉन डकिट यांनी २०१२मध्ये ७३ अभ्यासांतल्या ७१ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. नव्याची ओढ आणि परंपरावाद यांचा सहसंबंध उणे ०.१८ निघाला, शिस्तीचा ०.१०. सहसंबंध शून्य म्हणजे काहीच नाते नाही आणि एक म्हणजे पूर्ण नाते. ०.१८ या आकड्याचा अर्थ असा की माणसामाणसांच्या मतांत जो फरक आहे, त्यातला जेमतेम तीन टक्के भाग या गुणाशी जुळतो. हजारो लोकांच्या सरासरीत हा कल ओळखू येतो. समोर बसलेल्या एका माणसाचा स्वभाव पाहून त्याचे मत सांगायला तो निरुपयोगी आहे.

त्यातही कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अजून ठरलेले नाही. बर्ट बाकर, यफ्ताख लेल्केस आणि एरियल माल्का यांनी २०२१मध्ये दाखवले की लोक स्वतःच्या स्वभावाबद्दल जे सांगतात, त्यावर त्यांच्या राजकीय मतांची छाया पडते. आपल्या गटात जो गुण मानाचा, तो आपल्यात आहे असे माणसाला वाटते. न्यूझीलंडमध्ये ऑस्बोर्न आणि सिब्ली यांनी त्याच त्या लोकांना नऊ वेळा प्रश्न विचारून २०२०मध्ये आणखी कठोर कसोटी लावली. एखाद्या माणसात नव्याची ओढ वाढली म्हणून पुढे त्याचा परंपरावाद कमी झाला, असे त्यांना आढळले नाही.

बालवाडीतून मतपेटीकडे

प्रश्नावलीतली ही अडचण टाळायची तर राजकारण कळण्याआधीच मुलाचा स्वभाव नोंदवून ठेवायला हवा. जॅक आणि जीन ब्लॉक यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली-ओकलंड परिसरात नेमके हेच केले. बालवाडीतल्या तीन वर्षांच्या मुलांचे वर्णन शिक्षकांकडून घेतले आणि वीस वर्षांनी त्यांची राजकीय मते विचारली. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९५ जण होते. मोठेपणी परंपरावादाकडे झुकलेली मुले लहानपणी बुजरी, अनिश्चिततेने अस्वस्थ होणारी, स्वतःला आवरून धरणारी होती. उदारमतवादी झालेली मुले स्वावलंबी, उत्साही आणि कमी संयमी होती.

बातमी म्हणून हे फार गाजले. पण बर्कली हे अमेरिकेतल्या सर्वांत उदारमतवादी गावांपैकी एक. तिथे परंपरावादी होणे आणि टेक्ससच्या एखाद्या खेड्यात परंपरावादी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२मध्ये ख्रिस फ्रेली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या अनेक भागांतल्या ७०८ मुलांची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतची माहिती तपासली. साडेचार वर्षांच्या वयातला भित्रेपणा पुढच्या परंपरावादाशी हलक्या धाग्याने जोडलेला त्यांनाही दिसला. पण मूल एक महिन्याचे असताना आईवडिलांनी संगोपनाबद्दल व्यक्त केलेली मतेही सतरा वर्षांनंतरच्या मुलाच्या मतांचा अंदाज देत होती. या पुराव्यात स्वभाव आहे आणि घरही आहे.

जुळ्यांची साक्ष

घर आणि रक्त वेगळे करण्याचा जुना मार्ग म्हणजे जुळ्यांचा अभ्यास. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात. दोन बीजांपासून झालेल्यांची इतर भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तेव्हा पहिल्या प्रकारच्या जुळ्यांची मते दुसऱ्यांपेक्षा जास्त जुळत असतील, तर तो जादा भाग आनुवंशिकतेचा, असा हिशेब. निक मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या जुळ्यांवरून हे प्रथम ठळकपणे मांडले. राज्यशास्त्रात मात्र वादळ उठले ते २००५मध्ये. जॉन आल्फर्ड, कॅरोलिन फंक आणि जॉन हिबिंग यांनी अमेरिकन जुळ्यांच्या माहितीवरून दाखवले की राजकीय-सामाजिक प्रश्नांवरच्या एकूण कलातल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४३ टक्के आहे. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा तेवढाच बोलका आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. डेमोक्रॅट की रिपब्लिकन, या पक्षनिष्ठेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे १४ टक्केच होता, तर घरातल्या सामायिक वातावरणाचा ४१ टक्के. मृत्युदंड असावा का, शाळेत प्रार्थना असावी का, अशा प्रश्नांवरचा कल अंशतः जन्माबरोबर येतो. पक्ष मुख्यतः घरातून येतो.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांना लोक सारखे वागवतात, ती एकमेकांच्या सहवासात जास्त राहतात. मग त्यांच्या सारखेपणाचे सगळे श्रेय जनुकांना कसे द्यायचे, असा प्रश्न इव्हान चार्नी यांच्यासारख्या टीकाकारांनी विचारला. त्याचे एक उत्तर दत्तक मुलांच्या अभ्यासातून मिळते. मिनेसोटात ३९४ कुटुंबांचा असा अभ्यास झाला आणि तो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. सख्ख्या मुलांची मते आईवडिलांशी दत्तक मुलांपेक्षा जास्त जुळली, पण दत्तक मुलांचीही जुळली. आनुवंशिकता आहे आणि संगोपनही आहे, हेच इथेही दिसले.

शिवाय ‘४० टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एखाद्याची ४० टक्के मते जनुकांनी आणि ६० टक्के परिस्थितीने बनवली, असा तो नव्हे. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याबद्दलचा हा आकडा आहे. जिथे घर, जात आणि गाव मिळून मत ठरवतात, तिथे तो घसरतो. जिथे माणसाला निवडीची मोकळीक असते, तिथे वाढतो. पीटर हटेमी आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलेली गोष्ट याला धरूनच आहे. शाळकरी वयात राजकीय मतांवर आनुवंशिकतेचा प्रभाव जवळपास दिसतच नाही. विशीच्या आसपास, घर सोडल्यावर तो दिसू लागतो. आईवडिलांच्या छपराखालून बाहेर पडल्यावर माणूस आपल्या स्वभावाला मानवणारी संगत, वाचन आणि मते शोधू लागतो, असा त्याचा एक सयुक्तिक अर्थ लागतो.

मग ती जनुके कोणती? २०१४मध्ये पाच लोकशाही देशांतल्या १२ हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा पुन्हा ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. पण त्याच अभ्यासात संपूर्ण जनुकसंच चाळूनही ठाम नाव घ्यावे असे एकही जनुक सापडले नाही. त्यापूर्वी २०१०मध्ये मेंदूतल्या डोपामिनशी संबंधित एका जनुकाला वर्तमानपत्रांनी ‘उदारमतवादी जनुक’ म्हणून मिरवले होते. मूळ शोधनिबंधाचा दावा खूपच मर्यादित होता : ते जनुक असलेल्यांना पौगंडावस्थेत भरपूर मित्र असतील, तरच कल दिसतो. प्रभाव असला तर तो हजारो जनुकांत कणाकणाने विखुरलेला आहे. ‘डाव्यांचे’ वा ‘उजव्यांचे’ जनुक नावाची वस्तू नाही.

मेंदू, दचकणे आणि फेरतपासणी

सर्वांत जास्त मथळे शरीर आणि मेंदूच्या प्रयोगांनी मिळवले, आणि सर्वांत जास्त पडझडही तिथेच झाली. २००८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेब्रास्कातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ठाम राजकीय मतांच्या ४६ लोकांना चेहऱ्यावर बसलेला मोठा कोळी, किडे पडलेली जखम अशी चित्रे दाखवली, अचानक मोठा आवाज ऐकवला, आणि त्वचेवरचा घाम व पापण्यांची उघडझाप मोजली. जास्त दचकणारे लोक लष्करी खर्च, मृत्युदंड अशा धोरणांचे समर्थक निघाले. यावरून ‘परंपरावादी माणूस मुळातच घाबरट’ हे वाक्य जगभर पसरले. २०२०मध्ये बाकर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग चौपटीहून अधिक लोकांवर, पद्धत आधीच जाहीर करून केला. दोन्ही बाजूंच्या माणसांची शरीरे भीतीला सारखाच प्रतिसाद देत होती.

मेंदूच्या रचनेचेही असेच झाले. लंडनमध्ये २०११मध्ये ९० विद्यार्थ्यांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेऊन असा निष्कर्ष काढला गेला की परंपरावाद्यांत भीती-धोक्याशी संबंधित अमिग्डाला हा भाग मोठा, तर उदारमतवाद्यांत विसंगती टिपणारा पुढचा एक पट्टा मोठा असतो. २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या ९२८ लोकांवर फेरतपासणी झाली. अमिग्डालाचा संबंध टिकला, पण मूळच्या साधारण एक तृतीयांशावर आला. दुसरा टिकलाच नाही.

२०१२मधल्या एका गाजलेल्या जुळ्यांच्या अभ्यासाबाबत तर आणखी विलक्षण घडले. स्टीव्हन लुडेके आणि स्टिग रास्मुसेन या दोन संशोधकांच्या लक्षात आले की त्यात मतांच्या आकड्यांची दिशाच उलटी वाचली गेली आहे. परंपरावाद्यांचे म्हणून जे सांगितले ते उदारमतवाद्यांचे होते आणि उदारमतवाद्यांचे ते परंपरावाद्यांचे. २०१६मध्ये दुरुस्ती छापावी लागली. तोवर चार वर्षे तो निष्कर्ष उद्धृत होत राहिला होता. निष्कर्ष आधीच पटलेला असला की चूक किती काळ लपून राहते, याचा हा धडा आहे.

देश बदलला की दिशा बदलते

स्वभावावरून मत ठरते या सिद्धांताला माझ्या मते सर्वांत मोठा धक्का बसतो तो अमेरिकेबाहेर. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षांत सॅम मॅकफार्लंड यांनी रशियन सहकाऱ्यांबरोबर तिथल्या लोकांची हुकूमशाही वृत्ती मोजली. अमेरिकेत ही वृत्ती जास्त असणारे लोक साम्यवादाचे कट्टर विरोधक होते. रशियात तीच वृत्ती जास्त असणारे लोक साम्यवादाचे आणि आर्थिक समतेचे कडवे समर्थक निघाले. वृत्ती एकच : प्रस्थापिताला धरून राहणे. प्रस्थापित काय आहे, हे मात्र इतिहासाने ठरवले.

२०१४मध्ये माल्का आणि सहकाऱ्यांनी ५१ देशांची माहिती तपासली. सुरक्षितता आणि खात्री यांची ओढ असलेले लोक कुटुंब, धर्म, लैंगिकता या प्रश्नांवर परंपरावादी होते. पण अर्थकारणात तेच लोक बऱ्याचदा सरकारी संरक्षण मागणारे, म्हणजे डावीकडे झुकणारे होते. हे साहजिक आहे. ज्याला आयुष्यात खात्री हवी, त्याला नोकरीची आणि धान्याच्या भावाचीही खात्री हवी असते. सांस्कृतिक उजवेपण आणि आर्थिक उजवेपण यांची सांगड विशिष्ट देशांतल्या पक्षांनी घातली आहे. ती स्वभावातून आलेली नाही.

आपल्याकडे तर डावे-उजवे ही मोजपट्टीच अपुरी पडते. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८च्या पुस्तकात मांडले की भारतीय राजकारणातले वैचारिक मतभेद दोन प्रश्नांभोवती फिरतात : राज्यसंस्थेने समाजाच्या चालीरीतींत किती हस्तक्षेप करावा, आणि मागास व अल्पसंख्य गटांना विशेष मान्यता द्यावी का. टिळक आणि आगरकर यांच्याकडे या नजरेने पाहावे. दोघांचा जन्म १८५६चा. दोघांनी मिळून शाळा काढली, ‘केसरी’ चालवला, १८८२मध्ये डोंगरीच्या तुरुंगात बरोबर राहिले. पुढे संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१मध्ये टिळक विरोधात उभे राहिले, तर आगरकर ‘सुधारक’मधून सामाजिक सुधारणेचा आग्रह धरत राहिले. परक्या सत्तेविरुद्ध टिळक जहाल, आणि त्या सत्तेने घरात कायदा आणू नये म्हणूनही तितकेच ठाम. ‘नव्याची ओढ’ या एका गुणावर या दोघांना कुठे बसवणार? त्यांच्यातला वाद सरकार परके असताना सुधारणेचा मार्ग कोणता, या खऱ्या प्रश्नावरचा होता. त्याचे उत्तर स्वभावाच्या तपासणीत सापडणार नाही.

हाती काय उरते

एकूण पुराव्यातून तीन गोष्टी टिकून राहतात. पहिली, जन्मजात कल राजकीय मतांपर्यंत पोहोचतो, पण अनेक वळणे घेत आणि क्षीण होत. दुसरी, त्याचा परिणाम नैतिक-सांस्कृतिक प्रश्नांवर जास्त, अर्थकारणावर कमी आणि पक्षनिष्ठेवर सर्वांत कमी दिसतो. तिसरी, परिस्थिती त्याला चेतवते किंवा शांत ठेवते. कॅरेन स्टेनर यांनी २००५मध्ये मांडल्याप्रमाणे समाजाची एकजूट मोडते आहे असे वाटू लागले, की हुकूमशाही वृत्तीची माणसे असहिष्णू होतात. एरवी ती शेजाऱ्यांसारखीच वागतात. म्हणून नेते लोकांना भीती दाखवतात की धीर देतात, याला फार महत्त्व आहे.

या विषयाला एक नैतिक बाजूही आहे आणि ती आपल्या भूमीत फार आधी उघड झाली. चातुर्वर्ण्य गुणांवर आधारलेले आहे, म्हणून ते समर्थनीय आहे, असे सांगणाऱ्यांना डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सविस्तर उत्तर दिले. माणसांतले वैविध्य इतके अफाट आहे की त्यांना जन्मजात गुणांच्या मोजक्या कप्प्यांत बसवताच येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. उदारमतवादी आणि परंपरावादी अशा दोन जन्मजात जाती कल्पिणाऱ्यांनाही तो तसाच लागू पडतो.

या क्षेत्रातले बहुतेक संशोधन अजून अमेरिका आणि युरोपातल्या लोकांवर झालेले आहे. मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये नव्याने रचलेल्या प्रश्नावल्या, हजारोंचे नमुने आणि आधी जाहीर केलेली पद्धत घेऊन आपल्या विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावे. जात, भाषा आणि प्रदेश यांचे वजन जिथे एवढे मोठे आहे, तिथे स्वभावाला किती जागा उरते, हे इथेच नीट कळेल. तोवर वाचकांना एकच विनंती. राजकीय विरोधकाला ‘तो स्वभावानेच तसा’ म्हणून मोडीत काढण्याइतका पुरावा विज्ञानाकडे नाही. त्याचे म्हणणे ऐकावे, तपासावे आणि चूक वाटल्यास कारणे देऊन खोडून काढावे.